शेरा ‘ब’

४ ऑक्टोबर

खोलीत पुन्हा दोन पलंग! बुकिंग करणाऱ्याला घसा कोरडा होईपर्यंत सांगितलं होतं — एकटी आहे, एकच पलंग द्या. हा दुसरा नुसता रिकामा पडून राहतो आणि माझी झोप उडवतो. शेवटी त्याच्यावर नकाशे, फायली, हेल्मेट, बूट असं सगळं रचून टाकलं. आता गोदामात झोपल्यासारखं वाटतंय, पण बरं वाटतंय.

काम नेहमीचंच. शहराला पाणी पुरवणारं शुद्धीकरण केंद्र. पंप कधी सुरू करायचे, झडपा किती उघडायच्या, पाण्यात क्लोरीन किती सोडायचा, हे आजवर माणसं चाकं फिरवून करत होती. आता संगणक करणार. कंत्राटदाराने बसवलंय, पाणीखात्याने ताब्यात घ्यायचंय, आणि मधे मी. मी ‘चालेल’ म्हटल्याशिवाय ताबा नाही. कामाची मुदत कधीच उलटून गेलीय, त्यामुळे माझं तोंड बघायला कुणीच उत्सुक नाही.

कंट्रोल रूमच्या दारात पोचते तोच आतून कुणीतरी पुटपुटलं — “सावरून बसा रे, सासूबाई आल्या!” स्पष्ट ऐकू आलं. हसू आलं होतं, पण गिळलं. पहिल्याच दिवशी हसून चालायचं नाही.

५ ऑक्टोबर

कंत्राटदाराची इथली प्रमुख म्हणजे एक पंचेचाळिशीची बाई. केस कसेतरी वर गुंडाळलेले, त्यात पेन खोचलेलं. बोलते, बोलते, बोलतच राहते! पंपाबद्दल विचारलं तर पंपाचं उत्तर चोख मिळतं, पण त्याच्याबरोबर तिची दुखरी दाढ, घरमालकाची मांजर आणि न्हाणीघराच्या भिंतीची ओल हेही ऐकावं लागतं. मी तिचं नाव बडबडी ठेवलं. फक्त इथे, वहीत. तोंडावर ‘अहो मॅडम’.

तिच्या हाताखाली प्रोग्राम लिहिणारा चष्मेवाला आहे. हुशार, पण माझ्याशी बोलताना भिंतीकडे बघतो. बाकीचे मी आले की मोबाइलमध्ये डोकं खुपसतात. पाणीखात्याचे पाळीवरचे एक ऑपरेटर आहेत, त्यांना सगळे भाऊ म्हणतात. भाऊंना फक्त एक गोष्ट विचारायची होती. “मॅडम, हे सुरू झालं की मला जिने चढायला नकोत ना? मग माझ्याकडून पास!”

६ ऑक्टोबर

जेवणाच्या सुट्टीत नेहमीप्रमाणे वेगळ्या टेबलावर. कुठे लिहिलेलं नाही, पण आमच्या धंद्यात हे पाळतात — तपासणाऱ्याने कंत्राटदाराच्या टेबलावर बसायचं नाही, त्यांचा चहासुद्धा घ्यायचा नाही. आधी चहा, मग गप्पा, मग भिडस्तपणा. भीड आली की नजर अधू होते. मीच नव्या लोकांना हे शिकवते. इतकी वर्षं पाळलं. आज पलीकडच्या टेबलावर सगळे कशावर तरी खो-खो हसत होते आणि मी उकडलेलं अंडं सोलत होते. खूप वेळ सोललं.

शेऱ्यांची पद्धतही आज सगळ्यांना सांगितली. सापडलेल्या प्रत्येक दोषाला अक्षर मिळणार. ‘अ’ म्हणजे हा दोष आहे तोवर ताबा नाही. ‘ब’ म्हणजे ताबा घ्या, महिन्याच्या आत दुरुस्त करा. ‘क’ म्हणजे सवडीने. बडबडी म्हणाली, “आणि ‘ड’ म्हणजे डोकेदुखी, ते आम्ही आधीच घेऊन बसलोय.” सगळे हसले. मी शेऱ्यांचा तक्ता पुढे सरकवला.

११ ऑक्टोबर

रविवार. दिवसभरात तोंडातून निघालेलं एकूण बोलणं — “पिशवी नको.” दुकानात.

१३ ऑक्टोबर

आज मजा आली. हो, मजाच!

चाचणी अशी — सगळं सुरळीत चालू असताना मी न सांगता एखादी गोष्ट बिघडवते आणि यंत्रणा काय करते ते बघते. सकाळी मोठा पंप बंद पाडला. दुसरा आपोआप सुरू झाला. मग टाकीची पातळी मोजणाऱ्या सेन्सरची वायर काढली. अलार्म वाजला, झडप मिटली. मग मुख्य वीजच घालवली! कंट्रोल रूममध्ये मिट्ट काळोख, आणि काळोखात बडबडीचा आवाज — “सासूबाई, निदान सांगून तरी!” तिला कळलं की ती काय बोलून गेली.

मी म्हटलं, “सूनबाई, दिवे केव्हा येतात ते बघा.”

काय हसले सगळे! चष्मेवालासुद्धा. जनरेटर वेळेत सुरू झाला, सगळं पुन्हा जागेवर आलं. काम चांगलं केलंय तिने. बोलते जास्त, पण काम नेटकं.

दुपारी ती माझ्या टेबलापाशी आली, मागे भाऊ किटली घेऊन उभे. “हा चहा आमचा नाही मॅडम. पाणीखात्याचा आहे. पत्ती भाऊंची, साखर भाऊंची, पाणी तर त्यांचंच! नियमात बसतो की नाही?” भाऊंनी गंभीर चेहऱ्याने मान डोलावली. कंत्राटदाराचा चहा नको, पण पाणीखात्याचा चालतो. पळवाट बिनतोड होती. घेतला. ती समोर बसली आणि स्वतःचा डबा उघडला. उठून जा म्हणायला जिवावर आलं.

२० ऑक्टोबर

रोज दुपारी भाऊंचा चहा. आता सकाळपासून मन त्याची वाट बघतं, हे कबूल करते. करायला काय, इथे वाचणारं कोण आहे!

बडबडी आज गप्प होती. विचारलं तर म्हणाली, “मुलगा फोनवर येतच नाही. बारा वर्षांचा आहे. आधी रोज बोलायचा, मग दोन दिवसांनी, आता नवरा म्हणतो, तो खेळतोय. रोजच कसा खेळतोय?” वर्षाच्यावर झालं तिला इथे येऊन. दर वेळी घरी सांगत आली, पुढच्या महिन्यात नक्की. “आता मी पुढच्या महिन्यात येते म्हटलं की तो हसतो. तुम्ही ऐकायला हवं ते हसणं.”

म्हटलं, चांगलं चाललंय तुमचं काम, होईल लवकर. तपासणाऱ्याने असं बोलायचं नसतं. बोलले.

मग तिने विचारलं, “तुमच्या घरी कोण असतं?” म्हटलं, कुणी नाही. यजमान जाऊन चार वर्षं झाली. एक धाकटी बहीण आहे, ती लांब. इतकंच म्हटलं. ती उगाच हळहळली नाही, माझ्या कपात उरलेला चहा ओतला आणि मांजरीचा विषय काढला. तिचे आभार मानावेसे वाटले.

२६ ऑक्टोबर

झडपांचे नकाशे कागदांशी ताडून बघायचे होते, बैठकीची खोली रंगवायला काढलेली. म्हणून ती माझ्याच खोलीवर आली. आल्या आल्या म्हणाली, “अहो, हे काय भंगार रचलंय पलंगावर!” आणि मी ‘राहू दे, राहू दे’ म्हणेपर्यंत सगळं उचलून जमिनीवर ठेवलं आणि मांडी घालून वर बसली. काम अंधार पडायच्या आत संपलं. ती त्यानंतरही बराच वेळ बसली. शाळेतल्या गणिताच्या मास्तरांची नक्कल करून दाखवली. मी पोट धरधरून हसले. माझं हसणं मलाच ओळखू येईना.

ती गेल्यावर फायली परत पलंगावर ठेवल्या नाहीत.

२ नोव्हेंबर

क्लोरीनची खोली. शेवटची मोठी चाचणी.

क्लोरीन पाण्यात चिमटीभर असला तर औषध, हवेत मोकळा सुटला तर विष. सिलिंडर ज्या खोलीत असतात तिथे एक सेन्सर असतो. हवेत क्लोरीन आला की त्याने ओरडायचं, मग भोंगा वाजतो, पंखे सुरू होतात, माणसं बाहेर पळतात. सेन्सरची वायर काढली. स्क्रीनवर काहीच झालं नाही! शून्य म्हणजे शून्यच. दहा मिनिटांनी कुठे अलार्म.

चष्मेवाल्याने भिंतीकडे बघत समजावलं — “सकाळी दमट हवेत सेन्सर मधूनच खुळ्यासारखं काहीतरी दाखवतो. भोंगा वाजतो, अख्खी पाळी पळत बाहेर, आणि आत काहीच नसतं. म्हणून असं केलंय, सेन्सरने अशक्य आकडा दाखवला की दहा मिनिटं त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही. आधीचा खरा आकडाच दाखवत राहायचं.”

मी विचारलं, आणि गॅस एकदम इतका सुटला की सेन्सरचा आकडा मोजपट्टीच्या बाहेर गेला तर? तोही यंत्राला अशक्यच वाटणार ना?

त्याने माझ्याकडे पहिल्यांदा सरळ बघितलं. मग सेन्सरच्या जागी खोटा सिग्नल लावून बघितला. थोडी गळती — भोंगा. जास्त गळती — भोंगा. प्रचंड गळती — स्क्रीनवर शून्य. गळती इतकी मोठी की यंत्राचा तिच्यावर विश्वासच बसला नाही.

बडबडी म्हणाली, “इतका गॅस एकदम यायला सिलिंडरची जोडनळी सपकन तुटायला हवी. सगळ्या नळ्या नव्या आहेत. शिवाय आत जाणाऱ्याच्या कमरेला वेगळा छोटा सेन्सर असतो, तो ओरडतोच.” खरं आहे. पण दोष तो दोषच.

दुरुस्ती म्हणाल तर चार ओळींची. पण सुरक्षेचा प्रोग्राम इथे बसून बदलता येत नाही. तो त्यांच्या मुख्य कार्यालयात बदलायचा, पहिल्यापासून तपासायचा, त्यावर तिसऱ्याची सही घ्यायची, आणि मग आणून बसवायचा. नियम माझ्यासारख्यांनीच केलेला, आणि चांगला आहे. पण त्यात तीन-चार आठवडे सहज जातात.

३ नोव्हेंबर

शेरा लिहिला — ‘अ’.

दुसरा विचारच नव्हता. माणसाच्या जिवाशी संबंध आहे म्हटल्यावर ‘अ’. कच्चा मसुदा आहे, उद्या टंकलिखित करून सही करायची. बडबडीला तोंडी सांगितलं. ती म्हणाली, “बरोबर आहे तुमचं.” एवढंच. बाहेर जाऊन नवऱ्याला फोन लावला. खिडकीतून पाठ दिसत होती. किती तरी वेळ नुसतं ऐकत होती.

मला वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं. संध्याकाळी खोलीवर परतताना चक्क गुणगुणत होते.

४ नोव्हेंबर

हे लिहायला हात धजत नाही.

काल गुणगुणत येताना मी दुकानात थांबले होते आणि एक कप घेतला होता. निळा, जाड कानाचा. खोलीत माझा एक कप होताच. हा दुसरा. घेताना काही वाटलं नाही, संध्याकाळी चहाला कुणी आलं तर असावा, एवढंच.

आज सकाळी तो कप टेबलावर दिसला. कुणी आलं तर? कोण येणार आहे माझ्याकडे! ‘अ’ म्हणजे ती आणखी महिनाभर इथे. ‘अ’ म्हणजे दुपारचा चहा, मास्तरांच्या नकला, समोर बसलेलं माणूस. मी शेरा लिहिला आणि तासाभरात कप विकत घेतला!

मग ‘अ’ कुणासाठी दिला मी? क्लोरीनच्या खोलीसाठी की स्वतःसाठी? तिकडे एक पोरगा आईवर रुसून बसलाय आणि इकडे मी कप घेतेय. शी!

आमच्या ऑफिसातल्या साहेबांना फोन केला. कप वगैरे सांगितलं नाही, दोष तेवढा सांगितला. ते म्हणाले, “अशा यंत्रणा मी ‘ब’वर सोडलेल्या आहेत, दारावर पाटी लावून. ‘अ’वर अडवलेल्याही आहेत. तुम्ही तिथे आहात, तुमचं मत शेवटचं.” म्हणजे दोन्ही बाजूंनी चालतं. म्हणजे सगळं माझ्यावरच.

५ नोव्हेंबर

आयुष्यभर मोजमापाची कामं केली. काटा नेहमी थोडा पुढे दाखवत असेल तर आम्ही काटा फेकून देत नाही. किती पुढे दाखवतो ते शोधतो आणि तेवढं वजा करून वाचतो. त्यात लाजण्यासारखं काही नसतं, प्रत्येक काटा कुठे ना कुठे झुकलेला असतोच. न तपासता त्याच्यावर विसंबणं, ही खरी चूक.

माझा काटा कुठे झुकलाय ते मला कळलंय. मला ती इथे हवी आहे. तेवढं वजा केलं.

वजा करून पुन्हा पहिल्यापासून वाचलं. नळ्या नव्या. कमरेचा सेन्सर आहे. गळती एकदम प्रचंड होण्याचा संभव फार थोडा. दुरुस्ती ठरलेली आहे, मुदत ठरलेली आहे. तोवर दारावर लाल पाटी — मास्क लावल्याशिवाय आत जाऊ नये. साहेबांनीसुद्धा असं सोडलेलं आहे. एखाद्या तिऱ्हाईताने, ज्याला घरी माणसं आहेत त्याने, काय दिलं असतं?

‘ब’.

सही केली. मनावरचं ओझं उतरल्यासारखं झालं. स्वतःविरुद्ध निकाल देताना माणूस खोटं बोलत नाही, असं वाटलं.

६ नोव्हेंबर

बडबडीला कागद दिला. तिने वाचला, पुन्हा वाचला. “पण तुम्ही तर ‘अ’ म्हणाला होता.”

म्हटलं, पुन्हा विचार केला.

“माझ्यासाठी नाही ना केलात? तसं असेल तर नको. मी राहीन.”

म्हटलं, तुमच्यासाठी मी एक झडपसुद्धा पास करणार नाही. हे खरंच होतं. तिच्यासाठी नव्हतंच केलं. तिने मला घट्ट मिठी मारली, तिच्या केसांतलं पेन माझ्या गालाला टोचलं. भाऊ किटली घेऊन दारातूनच परत फिरले.

९ नोव्हेंबर

ताबा दिला. सह्या, फोटो, हस्तांदोलनं. कंत्राटदाराची सगळी मंडळी दुपारच्या गाडीने गेली. मला अजून महिनाभर राहायचंय, ताब्यानंतरच्या देखरेखीसाठी. बडबडी गाडीच्या खिडकीतून ओरडली — “पलंगावर पुन्हा भंगार रचू नका!”

चष्मेवाल्याने जाताना माझ्या पायांकडे बघत नमस्कार केला. प्रगती आहे.

१० नोव्हेंबर

कंट्रोल रूममध्ये नुसता पंख्यांचा आवाज.

१५ नोव्हेंबर

रविवार. धाकटीचा फोन. “अक्का, जेवलीस का? तब्येत? मग ठीक. ठेवते हं, पोरांना क्लासला सोडायचंय.” तिचं काही चुकत नाही. तिला माझं सगळं नीट चाललेलं असतं, कारण मीच तसं सांगते. आज म्हणणार होते, अगं थांब जरा, पाच मिनिटं बोल. शब्द तोंडाशी आले होते.

नदीच्या बाजूने लांबवर चालून आले. बाकांवर जोडीजोडीने माणसं. एका बाकावर एकच म्हातारा होता, त्याच्या शेजारी बसले. त्याने पिशवी उचलून दुसऱ्या बाजूला घेतली. मग थोड्या वेळाने उठूनच गेला. मी काय त्याची पिशवी पळवणार होते!

१९ नोव्हेंबर

बडबडीचा निरोप आला मोबाइलवर — “कळवायला आनंद होतो की चिरंजीव आज माझ्याशी कडाकडा भांडले! दप्तर फेकलं, दार आपटलं, तू गेलीसच कशाला म्हणाले. मग रडले. मग माझ्याच ताटात जेवले. बोलायला लागला हो!”

पुन्हा पुन्हा वाचलं. बरोबर केलं मी. हे सुख मी महिनाभर अडवून धरणार होते, एका निळ्या कपापायी.

उत्तर पाठवलं — “छान.” पाठवल्यावर वाटलं, किती कोरडं लिहिते मी. मग आणखी एक पाठवलं — “फार छान.”

२४ नोव्हेंबर

भाऊ रोज चहा आणतात, पण त्यांना समोर बसून प्यायचा संकोच वाटतो. उभ्याने घेतात, गुडघे चोळत. मी म्हटलं, बसा की. “नको मॅडम, बसलं की उठायला त्रास.” मग दोघंही उभ्याने पितो. यंत्रणा उत्तम चालू आहे. अलार्म नाहीत. करण्यासारखं काही नाही. सगळं सुरळीत असलं की आमच्यासारख्यांना कुणी विचारत नाही, हे माहीत असूनही कुणीतरी येऊन काहीतरी विचारावं असं वाटत राहतं.

२७ नोव्हेंबर

कंत्राटदाराच्या कार्यालयातून पत्र. क्लोरीनच्या खोलीची दुरुस्ती तयार झाली, तपासून झाली, सही झाली. मुदतीच्या आत कुणालातरी पाठवून बसवून देतील. म्हणजे ‘ब’ अगदी ‘ब’सारखाच वागला. स्वतःवर खूश झाले. कुणाला सांगावं असं वाटलं, मग इथेच सांगितलं.

१ डिसेंबर

सर्दी. खोलीतच. दिवसभर कुणाशीही न बोलल्याने संध्याकाळी आवाज बसल्यासारखा झाला. खरं म्हणजे बसला नव्हता, वापरला नव्हता. गरम पाण्याच्या बॉयलरला मोठ्याने म्हटलं, “काय हो, आज पाणी कोमटच?” ठणठणीत आवाज आला. बरं वाटलं आणि मग रडू आलं. चार वर्षांत सवय व्हायला हवी होती. होत नाही! आधी हे बोचत होतं पण त्याचं नाव घेत नव्हते. आता ती महिनाभर समोर बसून गेली, त्यामुळे कशाची उणीव आहे ते नीट कळतं.

तिला निरोप पाठवायला मोबाइल घेतला. ‘आठवण येते’ असं लिहिलं. पुसलं. ‘यंत्रणा व्यवस्थित आहे’ असं लिहून पाठवलं.

लगेच उत्तर — “यंत्रणेचं नाही विचारत. तुम्ही कशा आहात?”

‘उत्तम’ लिहिलं.

४ डिसेंबर

आठवड्याभरात इथून सुटका. अहवालाचं शेवटचं पान लिहितेय. प्रकल्पाचं मूल्यमापन — काम चांगलं, कागदपत्रं चांगली, चाचण्या समाधानकारक, एकही ‘अ’ नाही. सोमवारी सकाळी पाणीखात्याच्या मुख्य कचेरीत बैठक आहे, तिथे वाचून दाखवायचंय.

७ डिसेंबर

बैठकीत होते तेव्हा फोन आला. क्लोरीनच्या खोलीत भाऊ सिलिंडर बदलत होते, मास्क कपाळावर चढवलेला, आणि नव्या जोडनळीचे आटे निसटले. गॅस एकदम सुटला. कंट्रोल रूममध्ये स्क्रीनवर शून्य. भोंगा नाही, पंखे नाहीत; भाऊंच्या कमरेचा सेन्सर ओरडला असेल, तो बाहेर कुणाला ऐकू आला नाही. कॅमेऱ्यात भाऊ आडवे पडलेले दिसले. दुरुस्ती बसवायला मला न कळवता सकाळीच आलेली बडबडी तिथे बसली होती. चक्कर आली असेल, स्क्रीनवर तर शून्य आहे, असं ओरडली म्हणे; त्या शून्यातला दोष घाईत तिलाही आठवला नाही. ती तशीच धावत आत गेली. तिने भाऊंना दारापर्यंत ओढत आणलं. भाऊ शुद्धीवर आहेत. ती नाही.

मी दवाखान्याच्या बाकावर आहे. तिचा नवरा मुलाला घेऊन निघालाय, पोचायला संध्याकाळ होईल. डॉक्टर म्हणतात, यंत्रावर ठेवलंय, उद्यापर्यंत काही सांगता येणार नाही.

चष्मेवाल्याला फोन करून ओरडले — तिला कशाला पाठवलंत, तुला का नाही पाठवलं? चार ओळी बसवायच्या होत्या, कुणीही येऊ शकलं असतं! तो म्हणाला, मीच येणार होतो. तिने मागून घेतलं. म्हणाली, सासूबाई तिथे एकट्याच आहेत, त्या सांगायच्या नाहीत, मी जाऊन येते.